अण्णांचं केशरी, वैदेहीचं निळं

झरी गावात लोक अंगणातली रुई उपटून टाकतात. आमचे शेजारी अण्णा तिला रोज पाणी घालतात, कारण तिच्यावर केशरी फुलपाखरं येतात. घरी आलेल्या माणसाला चहाच्या आधी फुलपाखरू पाहावं लागतं. मग अण्णा अभिमानानं सांगतात, "रुईचा चीक पिऊन वाढलंय हे. पाखरू तोंड लावत न्हाई त्याला."

अण्णा लाइनमन होते. सगळी नोकरी उन्हात, खांबावर गेली. उन्हात टिकेल त्यालाच त्यांच्या लेखी किंमत.

सून आली सावंतवाडीकडची. वैदेही. आल्या आल्याच ती म्हणाली, "मामा, आमच्याकडचं नीलवंत फुलपाखरू याच्या दुप्पट असतं. काळं मखमली, त्यावर निळं."

"आसंल. पर सावलीतलं हाय ते. आपल्या वैशाखात आणून सोड, मंग बोल."

तेव्हापासून सासरा-सून रोज भांडायचे. तिचं झाडीत भिरभिरायचं, यांचं माळावर सावकाश उडायचं. तिचं लिंबोणीवर अंडी घालायचं, यांचं रुईवर. अण्णांची बायको गेल्यापासून त्या घरात एवढं बोलणं आम्ही ऐकलं नव्हतं.

उन्हाळा चढला तशी वैदेही गप्प झाली. अण्णांनी मुद्दाम निळ्याला नावं ठेवून पाहिली, तरी ती बोलेना. "होईल सवय," नितीन, त्यांचा मुलगा, म्हणाला. अण्णांना ते पटलं नाही.

पावसाळ्यात एक दिवस "चुडाव्याला पाहुण्याकडं जाऊन येतो" म्हणून अण्णा निघाले, ते आठवड्यानं परतले. छत्री मोडलेली, पोटऱ्यांवर जळवा चावल्याचे डाग. मी आमच्या अंगणातच होतो.

"तुज्या आईच्या परसात बसून पाह्यलं निळं," ते वैदेहीला म्हणाले. "वल्या मातीवर उतरलं होतं."

ती बघतच राहिली. "तुम्ही सावंतवाडीला गेला होतात?"

"लय देखणं हाय. आन् तू ते सगळं सोडून हितं..." वैदेहीनं ओढणी डोळ्यांना लावली. अण्णांनी खिशातून रेल्वेचं तिकीट काढून तिच्या हातात दिलं. "पाऊस सरंस्तोवर ऱ्हा आईपाशी. घाई करू नको."

तिला गाडीत बसवून आल्यापासून अण्णा दुपारी आमच्या भिंतीपाशी येऊन उभे राहतात. काल मला म्हणाले, "गुरुजी, तुमी बोला की जरा निळ्याच्या बाजूनं."