मनीमाजऱ्याची मॉरिस: एक संवर्धन-अहवाल

राष्ट्राची संस्कृती त्याच्या भंगारावरून ओळखावी. हे विधान माझेच असून आमच्या मंडळाच्या लेटरहेडवर डाव्या कोपऱ्यात छापलेले होते.

मंडळ म्हणजे ‘जुन्या मोटारी संवर्धन मंडळ, चंडीगड’. स्थापना ऑक्टोबर १९८७. अध्यक्ष मी, सबनीस, मूळचा सातारचा, एका सरकारी संशोधन संस्थेत कनिष्ठ शास्त्रज्ञ. उपाध्यक्ष चंडीमंदिरच्या छावणीत बदलून आलेले मेजर विश्वनाथ घारपुरे. सरचिटणीस डॉ. कृष्णकांत वर्तक, इस्पितळातले. साधा सभासद एकही नव्हता. (अर्ज मागवले होते.)

त्या काळी पंजाबात रोज माणसे मरत होती. चंडीगडच्या चौकाचौकांत वाळूची पोती रचलेली, बसमधून उतरवून झडत्या, दिवेलागणीच्या आत सगळे घरात. अशा वेळी सुशिक्षित माणसाने काहीतरी वाचवले पाहिजे, असे आम्हा तिघांना तीव्रतेने वाटू लागले. बराच विचार करून आम्ही मोटारी निवडल्या.

चंडीगडलगतच्या मनीमाजऱ्याच्या पलीकडे सरदार निर्मलसिंग यांचे भंगाराचे यार्ड होते. तिथे चौदा जुन्या विलायती मोटारी गवतात उभ्या होत्या. आमच्या पाहणीनुसार नऊ गाड्यांना इंजिन नव्हते, तीन ठिकाणी नुसतेच इंजिन होते, एका गाडीत कोंबड्या राहत होत्या आणि एक मॉरिस, सन १९५१, जवळजवळ संपूर्ण होती. ‘जवळजवळ’ हा शब्द डॉक्टरांचा. ते तो रुग्णांच्या नातेवाइकांशी बोलतानाही वापरतात.

दर रविवारी आम्ही तिथे जात असू. कार्य पुढीलप्रमाणे चाले: मी गंजाची खोली मोजायचो, डॉक्टर गाडीखाली शिरायचे, मेजर फोटो काढायचे. नऊ महिन्यांत गंज दोन मिलिमीटरने वाढला. नोंदी मात्र अत्यंत व्यवस्थित ठेवल्या गेल्या. प्रत्यक्ष काम, म्हणजे चाके सोडवणे, तेल देणे, पावसाआधी ताडपत्री बांधणे, हे निर्मलसिंग करत. साठीचा माणूस, पांढरी दाढी, एक पाना हातात घेतला की दुसरा दातात. त्यांना गाडी कापून विकायची होती, पण आमच्या भिडेपोटी थांबले होते. “आप लोग पढ़े-लिखे हो,” ते म्हणायचे, “आप कहते हो तो होगी कोई बात.” मंडळाला लाभलेली ही एकमेव लोकमान्यता.

जुलै १९८८च्या एका रविवारी दुपारी तीन वाजता लुधियान्याच्या रस्त्यावर एका पेट्रोल पंपावर गोळीबार झाला. दोन माणसे गेली. पळालेल्या गाडीवर जी नंबरप्लेट होती, ती निर्मलसिंगांच्या यार्डात पूर्वी मोडलेल्या एका गाडीची निघाली. गाडी चालवणारा पांढऱ्या दाढीचा सरदार होता, असे कुणीतरी सांगितले. पंजाबात पांढऱ्या दाढीचे सरदार किती, याची आकडेवारी पोलिसांकडे नसावी. मंगळवारी त्यांनी निर्मलसिंगांना उचलले.

बुधवारी संध्याकाळी त्यांच्या पत्नी नसीबकौर आमच्या घरी आल्या. हातात मंडळाचे लेटरहेड होते. त्यावरूनच त्यांना पत्ता मिळाला होता. त्या सोफ्यावर बसल्या नाहीत.

“भाईसाब, उस दिन तीन बजे वो आपके साथ थे,” त्या म्हणाल्या. “बस इतना थाने में बोल दो.”

मी त्यांना सांगितले की विषय मंडळापुढे ठेवतो.

तातडीची बैठक शुक्रवारी झाली. (गुरुवारी डॉक्टरांचे ब्रिज असते.) मेजर म्हणाले, “मी सर्व्हिसमध्ये आहे. फौजेनं सिव्हिल भानगडीत पडायचं नसतं, यार.” डॉक्टर म्हणाले, “तीन वाजता मी गाडीखाली होतो. मला त्याचे फक्त पाय दिसत होते. नुसत्या पायांवरून ओळख पटवणं शास्त्राला धरून होणार नाही.” माझे प्रमोशन सप्टेंबरात होते. हे कारण मी मांडले नाही. मी मंडळाच्या घटनेतील कलम चार मांडले: मंडळ अराजकीय आहे. ठराव एकमताने संमत झाला. मंडळाने घटनेची गंभीर नोंद घेतली होती.

त्या आठवड्यात जोरदार पाऊस लागला आणि खरी अडचण पुढे आली. यार्डाला पोलिसांनी कुलूप घातले होते, मॉरिस उघड्यावर होती. मला झोप लागेना. शेवटी मी ठाण्याच्या अधिकाऱ्यांना सविनय अर्ज लिहिला की, ऐतिहासिक वाहनावर ताडपत्री घालण्यास परवानगी मिळावी. सोबत सहा फोटो.

अर्ज टाइप करून मी जेवणाच्या टेबलावर ठेवला, तो आमच्या सौभाग्यवतींनी वाचला. रत्नप्रभा एरवी मंडळाच्या कामात लक्ष घालत नाही.

“हा ठाण्यात द्यायला तुम्ही स्वतः जाणार?” तिने विचारले.

“म्हणजे काय! पोस्टात गहाळ होईल.”

“आणि तिथे गेल्यावर गाडीबद्दलच बोलणार?”

मी कलम चार सांगू लागलो. ती ऐकायला थांबली नाही. गोळीबाराच्या त्या रविवारी ती डबा घेऊन यार्डात आली होती. निर्मलसिंगांनी तिची दोन थालीपिठे खाल्ली होती आणि बरोबर तीन वाजता सगळ्यांना चहा केला होता. वेळ तिला पक्की आठवत होती, कारण तेव्हाच घड्याळ बघून तिने मला घरी चला म्हटले होते. (मी गेलो नव्हतो. गंज मोजायचा राहिला होता.)

दुसऱ्या दिवशी ती नसीबकौरना घेऊन ठाण्यात गेली. सकाळी दहापासून दुपारी चारपर्यंत दोघी बाकावर बसल्या. मग तिचा जबाब घेतला. नाव, पत्ता, नवऱ्याचे नाव, नवऱ्याची नोकरी, सगळे तिने लिहून दिले. अधिकाऱ्याने विचारले, “आपके पति भी वहाँ थे?”

“थे,” ती म्हणाली, “लेकिन वो गाडी देख रहे थे.”

हे तिने घरी येऊन मला जसेच्या तसे सांगितले आणि भाजी चिरायला बसली. मी काहीतरी बोलायला हवे होते. “माझा अर्ज पोचवलास का?” असे मी विचारले.

बाराव्या दिवशी निर्मलसिंग सुटले. पुढे सप्टेंबरात माझे प्रमोशनही झाले. कुणीही कसलीही चौकशी केली नाही. सुटकेनंतरच्या रविवारी मंडळ यार्डात गेले. निर्मलसिंगांनी उठून नमस्कार केला, खुर्च्या मागवल्या, गाडीच्या कामाला उशीर झाल्याबद्दल त्यांनीच माफी मागितली. मॉरिसचे काम मात्र पुढे सरकू शकले नाही (त्यांच्या उजव्या हाताची बोटे आता मिटत नव्हती, “पाना नहीं पकड़ा जाता, साबजी,” ते म्हणाले. डॉक्टरांनी बोटे पाहिली, आणि त्या दिवशी प्रथमच ते गाडीखाली गेले नाहीत). दिवाळीनंतर ते यार्ड विकून नांदेडला गेले. नव्या मालकाने चौदाही गाड्या आठवड्यात कापल्या.

मला अतोनात दुःख झाले. मी मॉरिसवर एक मृत्युलेख लिहिला आणि तो पुण्याच्या एका मासिकात छापून आला. सर्व हकीगत त्यात होती, आत्ता सांगितली तशीच, तेच कंस घालून. माझ्या आयुष्यात एवढा प्रतिसाद कशालाच मिळालेला नाही. एकशे सात पत्रे आली. रत्नप्रभाने ती सगळी वाचली. वाचकांनी गाडीचे हॉर्सपॉवर विचारले होते, चॅसी नंबर विचारला होता, दोघांनी कविता पाठवल्या होत्या, कोल्हापूरच्या एका गृहस्थांनी अश्रू अनावर झाल्याचे कळवले होते. बोटांचे पुढे काय झाले, हे एकानेही विचारले नव्हते.

सर्वाधिक पत्रांत मात्र एकच तक्रार होती: लेखात मॉरिसचा रंग दिलेला नाही. आपल्यालाही मघापासून तोच विचारायचा असेल, तर संकोच करू नये. फिकट हिरवा.