रोडग्यांचा तोफखाना

"नीळकंठ, साम्राज्य शिकवताना आधी तोफ, मग तराजू. हा क्रम मोडू नको." आपल्या गुरुजींचं हे सांगणं इतिहासाच्या नीळकंठसरांनी नोकरीभर जपलं होतं. त्यामुळे नांदुऱ्याच्या त्या कनिष्ठ महाविद्यालयात ‘साम्राज्यं कशावर टिकली? लष्करावर की व्यापारावर?’ हे प्रदर्शन ठरलं, तेव्हा लष्कर कोणाकडे जाणार हे विचारायची गरज नव्हती. व्यापार वाणिज्याच्या देवानंदसरांकडे आला. पाहुण्यांना ज्याची बाजू पटेल त्याला स्टाफरूमशेजारची रिकामी खोली मिळणार होती. नीळकंठसरांच्या डोळ्यांपुढे तिथलं शस्त्रागार आत्ताच झळकत होतं.

"पण सर, तोफेले दारू विकतच घ्या लागते ना?" देवानंदसर म्हणाले. "मुघल असो का उस्मानी तुर्क, दारूतला सोरा काय आभायातून पडत होता?"

"तुमच्या मिरी-लवंगांनी माझी तोफ घेऊन दाखवा! त्या दिवशी तुमची भांडी मी घासीन," नीळकंठसर साऱ्या स्टाफरूमसमोर गरजले.

पत्र्याच्या नळीला बैलगाडीची चाकं लावून तोफ झाली. अडलं गोळ्यांपाशी. दगडी गोळ्यांना प्राचार्याबाईंनी नकार दिला; पोरं ते एकमेकांच्या पायावर टाकतील म्हणाल्या. मातीचे गोळे तडकले. मग सरांना रोडगे सुचले. कणकेचे, गोल, टणक, गोवऱ्यांत भाजून काळेकुट्ट; रंगाचाही खर्च नाही. त्यांनी कॅन्टीनच्या सोजराबाईंना टोपलीभर रोडगे सांगितले.

प्रदर्शन शनिवारी, मैदानातल्या मांडवात होतं. सोजराबाईंनी कॅन्टीनमागच्या उघड्या अंगणात रोडगे भाजले आणि सवयीनं पहिला रोडगा गूळ लावून फाटकाजवळच्या मारुतीला दाखवून आल्या.

"परसाद झाला सर," टोपली ठेवत त्या म्हणाल्या.

"प्रसाद? अहो बाई, हा दारूगोळा आहे!"

"असन. पन मारुतीनं चाखला. आता मांगनाऱ्याले नाही म्हनता येत नाही."

समोरच्या दालनात देवानंदसरांनी मसाल्यांचा उपयोग कळावा म्हणून वांग्याची भाजी रटरटत ठेवली होती. मिरी-लवंगांचा वास तोफखान्यावर चालून आला. लाकडी भाला घेऊन पहाऱ्यावर असलेली विद्यार्थिनी आरोही सरांजवळ आली.

"सर, पोट्टे परसाद मागून राह्यले. देऊ का हाकलू?"

शनिवार करणाऱ्या सरांनी फाटकाकडे पाहिलं. जीभ उचलेना. "एकेकच दे," ते पुटपुटले.

कोरडा रोडगा घशाखाली उतरत नाही, हे देवानंदसरांनी ताडलं. त्यांनी आरोळी दिली, "एक गोळा आना, वाटीभर भाजी न्या!"

पोरांचं सैन्य फुटलं. आधी भालाईत गेले, मग घोडदळ, शेवटी आरोहीही भाला तोफेला टेकवून गेली. "अगं, किल्ला कोण राखणार?" सर ओरडले.

"मारुती हाय ना सर!"

पाहुणे आले तेव्हा दारूगोळा भाजीत कुस्करून द्रोण भरले होते. रिकाम्या तोफेच्या तोंडात कोणीतरी पत्रावळी खोचून ठेवल्या होत्या. पाहुण्यांनी त्यातली एक ओढून घेतली आणि खाली बसले. दुसरा रोडगा कुस्करत ते म्हणाले, "लष्कर अन् व्यापाराचा इतका चविष्ट अभ्यास मी कुठंच पाह्यला नाही. ते खोली या बाईले द्या. सयपाक उघड्यावर काऊन करतात?"

टाळ्या पडल्या. शस्त्रागार आणि व्यापारदालन, दोन्ही सोजराबाईंच्या पदरात पडलं. त्या मात्र, मारुतीपुढचा दिवा वाऱ्यानं विझला का, ते पाहायला निघून गेल्या होत्या.

मांडव रिकामा झाला. देवानंदसर तळाशी भाजी चिकटलेल्या पातेल्याकडे बघत होते. "सोडा सर," ते हळूच म्हणाले. "रागात बोलते मानूस."

 नीळकंठसरांनी बाह्या दुमडल्या, दारूगोळा भाजून उरलेली मूठभर राख घेतली आणि पातेलं काखेत मारून नळाकडे निघाले.