इंजिनाची दर्शनी बाजू

१९५३ सालापर्यंत पॅरिसजवळच्या शांतरीव गावच्या लोकांना पुढची बाजू आणि मागची बाजू हा भेद फक्त माणसांत आणि कोटांत करायची सवय होती. पण जगातल्या प्रत्येक वस्तूला मागची बाजू असते, आणि ती कोणाला दाखवायची यावरच सुसंस्कृत समाज उभा असतो, हे त्या वसंतात गावाला कळलं.

कळलं ते नगराध्यक्ष मासिको यांच्या पॅरिसच्या मेव्हण्यामुळे. फलाटावर उतरता उतरता तो म्हणाला, "तुमच्या गावात इंजिन पार्श्वभाग पुढे करून येतं होय? मजा आहे!"

गोष्ट खरी होती. पॅरिसच्या उपनगरांत माणसांची ने-आण करणारी ती वाफेची इंजिनं मोठी गुणी. पाण्याच्या टाक्या कुशीला, कोळसा पाठीशी, आणि सरळ-उलट दोन्हीकडे सारखीच धावायची. शेवटच्या स्थानकात इंजिन वळवायला नको. सोडवायचं आणि गाडीच्या दुसऱ्या टोकाला जोडायचं. (नवऱ्यांच्या बाबतीत अशी सोय अजून निघालेली नाही.) त्यामुळे चिमणी कायम पॅरिसकडे आणि कोळशाची पेटी कायम शांतरीवकडे. तीस वर्षं अपमान होत होता आणि गावाला पत्ताच नव्हता, म्हणून आता तो साठलेला सगळा एकदम झाला.

इंजिन वळवा, असा रेल्वेकडे अर्ज निघाला. पहिली सही मादाम लेओंतीनची, कारण कागद तिच्याच कॅफेत पसरला होता. रूळ संपतात तिथे तिचा कॅफे. अंगणात झाडाखाली टेबलं.

"गावाच्या इज्जतीचा प्रश्न आहे, मादाम," नगराध्यक्ष म्हणाले.

"मग करते की सही. आधी पेला उचला, कागद भिजतोय."

रेल्वेने पेलिसिए नावाचे इंजिनिअर पाठवले. त्यांनी गावकऱ्यांना फलाटावर उभं करून, इंजिन येताना मनाला काय वाटतं, याची शास्त्रशुद्ध पाहणी केली. एकाहत्तर टक्क्यांना अपमान वाटला. वीस टक्क्यांना समजावून सांगितल्यावर वाटला. उरलेले गाडीची वाट पाहत होते.

इंजिन वळवलं गेलं. बँड वाजला, चिमणीखाली तिरंगी फीत लागली, नगराध्यक्षांनी टोपी काढून इंजिनाला अभिवादन केलं. आता मागची बाजू पॅरिसला दिसू लागली. पॅरिसच्या ते लक्षातही आलं नाही. तिथे उतरणारा माणूस फक्त घड्याळ बघतो.

लेओंतीनच्या मात्र लगेच लक्षात आलं. इंजिनाच्या त्या टोकाला असलेली चिमणी आता या टोकाला, नेमकी तिच्या अंगणाशी येऊन उभी राहिली. दुधावर तरंगणारा अंड्याच्या पांढऱ्याचा गोड फेस ही तिची खासियत. त्यावर काळे ठिपके दिसू लागले. आठवडाभर तिने ते व्हॅनिलाच्या शेंगेचे दाणे म्हणून खपवले. मग डॉक्टरीणबाईंच्या पांढऱ्या हॅटवरही व्हॅनिला पडली, आणि टेबलं ओस पडली. उन्हाळ्यात अंगण भरलं तरच हिवाळ्यात चूल पेटायची. असंच चाललं तर सप्टेंबरात कॅफेला कुलूप, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

"ओनेसिम, मेल्या, धूर आवर की जरा!" ती ड्रायव्हरवर ओरडली.

"आवरतो की," इंजिनातून डोकं काढून तो म्हणाला. "गाडी तू ढकलणार असशील तर सांग. आणि पहिली सही कोणाची गं?"

लेओंतीन तडक नगरसभेत गेली. पेलिसिएसाहेब तिथे सत्कार घ्यायला आलेलेच होते.

"साहेब, तुमच्या शास्त्राप्रमाणे इंजिनाची पुढची बाजू कोणती?"

पेलिसिए गंभीर झाले. "दोन्हीकडे वेग सारखाच, मादाम. शास्त्राचं याबाबत मौन आहे."

"चिमणी असते ती पुढची!" नगराध्यक्ष गरजले. "पोरसुद्धा सांगेल!"

"असं? तुमच्या घराची चिमणी कुठेशी आहे, महाशय?"

"कुठे म्हणजे? मागे. स्वयंपाकघरावर."

"आणि पाहुणे?"

"पुढच्या दाराने येतात."

नगराध्यक्ष हळूच खाली बसले.

"म्हणजे," ते सावकाश म्हणाले, "तीस वर्षं हे लोक पॅरिसला..."

"स्वयंपाकघर दाखवत होते," लेओंतीन म्हणाली. "आणि आपल्याला दिवाणखाना. आपणच अर्ज करून घालवला."

ठराव एकमताने झाला: चिमणी ही मागची बाजू होय. इंजिन परत वळलं. तोच बँड, तीच फीत, आता कोळशाच्या पेटीला. रविवारपर्यंत अंगणात बसायला जागा उरली नाही.

मासिको पॅरिसला धडा शिकवणारा माणूस म्हणून आणखी दोनदा निवडून आले. पेलिसिए यांनी दर्शनी बाजूंवर अहवाल लिहिला आणि बढती घेऊन जिथे एकही इंजिन नाही अशा कचेरीत गेले. ओनेसिम निवृत्त झाला, त्याचं इंजिन भंगारात गेलं. कोणती बाजू पुढे करून गेलं, ते कोणी पाहिलं नाही. लेओंतीनने सत्तरीपर्यंत कॅफे चालवला, मग तो भाचीला देऊन ती दिजॉनला बहिणीकडे राहायला गेली.

आता तिथे विजेच्या गाड्या धावतात. त्यांना दोन्हीकडे तोंडच आहे, मागची बाजू नावालाही नाही. तरी पॅरिसचे आणि शांतरीवचे लोक तोंड गाडीच्या दिशेला येईल अशीच जागा धरतात, आणि समोर उलट बसलेल्याकडे जरा दयेने पाहतात. तो त्याच क्षणी त्याच स्थानकावर उतरतो. तुम्ही हसू नका. तुम्हीही परवा मधल्या स्टेशनावर जागा रिकामी होताच उठून सरळ तोंडाने बसलात, आणि तेवढ्यानेच तुम्हाला थोडं लवकर पोचल्यासारखं वाटलं.