मेक्सिकोचा खेळ आणि गोजरबाईचं सूप

गोजरबाई ज्वारी पाखडायला बसली आणि सूपच सापडेना. "भीम्याऽऽ!" तिनं हाक मारली. पोरगंही गायब होतं. दोघं एकाच ठिकाणी असणार, हे तिला न सांगता कळत होतं.

भीमा समोरच्या मल्लिकार्जुनअण्णांच्या घराच्या बाजूला उभा होता. सूप त्याच्या उजव्या हाताला लुगड्याच्या चिंधीनं बांधलेलं होतं.

शाळा सोडल्यापासून भीमा कुठल्याच कामावर टिकला नव्हता. मालक एक बोलला की हा दोन बोलायचा. परवाच आईनं शेवटचं बजावलं होतं, "आता गल्लीतनं एक जरी गाऱ्हानं आलं, तर श्रीपूरला मामाकडं धाडते. उचल कारखान्यावर उसाच्या मोळ्या!" आणि सोलापूर सोडून माणसं राहतात तरी कशी, हेच भीमाला कळत नव्हतं.

त्यात आता हा खेळ. पिक्चरच्या आधी सरकारी रीळ लावतात, तेव्हा पब्लिक बिडी ओढायला बाहेर जातं. भीमा मात्र बसून राहिला. मागं मेक्सिकोत जगाचे खेळ भरले होते, त्याची रीळ होती. पांढऱ्या कपड्यातले बाप्ये हाताला लांबडं सूप बांधून चेंडू भिंतीवर हाणत होते आणि परत आलेला चेंडू सुपातच झेलत होते. पेलोटा म्हणे. जरासं दाखवलं आणि लगेच धरणाचं उद्घाटन सुरू झालं. पण भीमाला तेवढं पुरलं. चेंडू, भिंत, सूप. सगळं गल्लीत होतं, मेक्सिकोला जायची गरजच नव्हती.

अडचण एकच. सलग उंच भिंत फक्त मल्लिकार्जुनअण्णांच्या अंगणाची. अण्णा भुसार मालाचे व्यापारी, आणि मोरीच्या पाण्यावरनं दोन्ही घरांत दोन वर्षं अबोला.

"भीम्या, भिंतीला कान असत्यात," त्याचा दोस्त शिवशरण म्हणाला.

"असू देत की. गाऱ्हानं सांगायला तोंड तर न्हाय?"

सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळून चेंडू केला होता. भीमानं हाणला. तो भिंतीवरनं आला, सुपावरनं घसरला आणि शिवशरणच्या नडगीवर बसला.

"आई गं! मेक्सिकोत पन असंच लागतं का रं?"

"तितं रडत न्हाईत."

दुसऱ्या वेळी चेंडू भीमाच्याच कपाळावर आला. शिवशरण फिसकन हसला आणि भीमाचं डोकं फिरलं. सगळा जोर लावून त्यानं हात फिरवला. चिंधी सुटली. चेंडू पायाशी पडला आणि सूप गेलं, गरगरत, भिंतीवरनं पलीकडं.

"अय्यय्यो!" पलीकडनं आवाज आला. अण्णा टकलाला तेल लावून उन्हात बसले होते.

भीमा पळाला तो घरात, कणगीमागं. तिथनं दारातनं समोरचं अंगण दिसत होतं. अण्णा उघड्या अंगानं, तेलानं चमकत, सूप घेऊन निघाले होते. काशम्मा, त्यांची बायको, आडवी आली.

"कुटं निगालात?"

"ह्ये त्या बाईच्या म्होरं आपटतो! पोरगं आवरता येत न्हाय व्हय तिला?"

"आपटा की. पन रिकामं न्हेताय? दुसऱ्याचं सूप रिकामं परत करत्यात व्हय? लक्ष्मी ऱ्हाईल का घरात?"

लक्ष्मीचं नाव काढल्यावर व्यापारी थांबला. "मग घाल कायतरी. थोडंच घाल."

काशम्माला थोडं घालणं ठाऊक नव्हतं. तिनं शेंगांनी सूप शिगोशीग भरलं.

आता भरलेलं सूप दोन्ही हातांत धरून, सांडू नये म्हणून जपून पावलं टाकत माणूस भांडायला कसा येणार? अण्णा दारात आले ते ओटी भरायला आल्यासारखे.

"अक्का, तुमच्या पोरानं..." एक शेंग पडली. अण्णा वाकले, तर ओंजळभर आणखी सांडल्या.

गोजरबाई आधी शेंगांकडं, मग अण्णांकडं बघत राहिली. तिचे डोळे भरून आले.

"आत या अण्णा. पयलं कोन बोलतंय, म्हणून मी दोन वरसं वाट बगतीया. तुमचं मन लई मोठं. पन सूप पोराकडनं मागून न्हेलं व्हय? मी घरभर शोदतीया!"

"मागून न्हवं, त्ये माज्या डोक्यात..."

"तुमच्या डोक्यात आलं, ह्येच लई झालं! बसा."

पुढ्यात कडक भाकरी, दही आणि शेंगांची चटणी आली. अण्णांनी गाऱ्हाण्यासाठी तोंड उघडलं की आत घास जायचा. भीमा कणगीमागं आणखी आत सरकला. आता बोलतील, आता बोलतील. श्रीपूरची एसटी त्याच्या डोळ्यांपुढं उभी राहिली. शेवटी बोटं चाटून अण्णांनी तोंड उघडलं.

"चटणीत लसूण कंचा वो, अक्का?"

दुसऱ्या दिवशी आईनं सूप आढ्याला टांगलं. भीमा उघड्या हातानंच चेंडू भिंतीवर मारत होता, हळूच. शिवशरण नडगी सांभाळून लांब उभा होता. एवढ्यात भिंतीवरनं काहीतरी गरगरत आलं आणि दोघांच्या मधे पडलं.

नवंकोरं सूप!

"ए हुडग्या, ए पोरा!" पलीकडनं अण्णांचा आवाज आला. "चुकून पडलं बग. तुज्या आईकडं दे. आन् रिकामं परत करू नको म्हणावं." मग जरा हळू, "चटणी असली तरी चालंल."

भीमानं सूप उचललं, हातावर धरून बघितलं. आईच्या सुपापेक्षा खोलगट होतं.

"अण्णा, जरा खेळून देऊ का?"

पलीकडं अण्णा भिंतीपासून चार पावलं लांब सरकल्याचं ऐकू आलं.

"खेळ. पन घट्ट बांद."