साठ कागदांवर एक अंगठा

अंगठा लावण्यात माझ्या तोडीचा गडी अख्ख्या भिलाईत नव्हता! फिका नाही, पसरट नाही. एकेक रेघ मोजून घ्या! पोलाद कारखाना उभा राहत होता, मी तिथं खलाशी, म्हणजे ओझी ओढणारा मजूर, होतो आणि अक्षर मला म्हशीइतकंच कळायचं. पण अंगठा? सरकारी शिक्क्यानं झक मारावी!

त्या वर्षी गणित-विज्ञानाची नवी शाळा निघाली. परीक्षा घेऊन निवडक वीसच पोरं घेणार होते. आमची नलू गणितात वीज! परीक्षेच्या सकाळी बायकोनं, मनकर्णेनं, बजावलं, "नलूचे बाबा, एकही कागद सोडू नोका! मागं एक राहिला तं क्वार्टर तीन महिने अडकलं."

"मले शिकवून राहिली काय? अंगठ्याचं काम म्हणजे माझं काम!"

शाळेत कारकून भैयालालनं नलूचा फॉर्म टेबलावर ठेवला. "पुंडलिकभाऊ, अंगूठा लगाओ, मैं अभी आया."

शेजारीच शाईचा पॅड होता. फॉर्मवर अंगठा लावला. फॉर्म उचलून पाहतो तर खाली कागदांची ही चळत! कारखान्यात भरती होताना चौदा कागद होते. ही तर निवडक पोरांची शाळा, जास्त असणारच! लावत सुटलो. साठाव्या कागदाला अंगठा भरताच्या वांग्यासारखा झाला, पण ठसा एकही वाकडा नाही!

भैयालाल आला आणि किंचाळला, "अरे बाप रे! ये तो परीक्षा के कोरे पेपर हैं!"

हेडमास्तर चिंतामणी सर धावत आले. "अहो, काय केलंत हे! पेपर कुणाचा ते तपासणाऱ्याला कळू नये म्हणून आम्ही नावसुद्धा लिहू देत नाही. खूण दिसली की पेपर बाद!"

"मंग दुसरे कागद द्या नं, साहेब."

"कुठून देऊ? परीक्षाच रद्द करावी लागेल! आणि तुमच्या मुलीला तर मी..."

बाहेर बाकीचे आईबाप घोंगावू लागले. "कोन आहे तो अंगठ्यावाला?" मी अंगठा मुठीत लपवला. पोरीची शाळा बापाच्याच अंगठ्याखाली चिरडली!

तेवढ्यात नलू पुढे आली. "सर, सगळ्याच कागदांवर बाबाचाच अंगठा आहे नं? मंग कोनता पेपर कोनाचा, हे कसं कळन?"

सरांनी चष्मा पुसला. दोन कागद शेजारी शेजारी धरले. अंगठे कसे, जुळे भाऊ!

"भैयालाल," सर म्हणाले, "घंटा द्या!"

नलू तिसरी आली! सरांनी मला बोलावलं. "पुंडलिकराव, नलूला घेतो. पण रोज संध्याकाळी तुम्हीही यायचं. मी अक्षरं शिकवीन. हा अंगठा मला माझ्या शाळेत पुन्हा नको!"

सहा महिने पाटी घासली. नलूच्या प्रगतिपुस्तकावर सही करायचा दिवस आला. जीभ दातात धरून मी नाव लिहिलं. पुंडलिक! सरांचे डोळे भरून आले. नलूनं टाळ्या वाजवल्या.

पॅड टेबलावर होताच. मी सहीखाली अंगठाही दाबला! चांगला ठसठशीत!

काय करणार? सही कालपरवा शिकलेली; तिचा काय भरवसा!