खुराक पोचला का?

एक कबुली आधीच देतो. हिंदुराव वस्तादांना दवाखान्याच्या फाटकाबाहेर मी ठेवले आणि त्याचे खापर बिचाऱ्या वॉचमनवर फुटू दिले.

वस्ताद आमचे शेजारी; एके काळचे पैलवान. कोल्हापुरात पैलवानांना तोटा नाही, परंतु माणसाची विचारपूस थेट आहारापासून सुरू करणारे हे एकटेच. पोस्टमन असो वा मुलगी पाहायला आलेली मंडळी, पहिला प्रश्न ठरलेला: "पावणं, खुराक काय?" माझ्या मास्तरी देहाकडे पाहून मात्र ते विचारीतही नसत, नुसता उसासा टाकीत.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमची गौरी सातव्या महिन्यातच जन्मली. डॉक्टर म्हणाले, "मेंदू अजून वाढायचाय. पोटात जे मिळायचं, ते आता आईच्या दुधातून मिळायला हवं. आजपासूनच, नळीनं, थेंब थेंब. पुढचं मी आज सांगू शकत नाही." मला फक्त शेवटचे वाक्य ऐकू आले. माझ्यासोबत आलेल्या वस्तादांनी पहिले ऐकले.

"म्हंजे डोस्क्याची तालीम हाय की ही! अन् तालमीला खुराक नको व्हय, मास्तर?"

पत्नी घरी आली, बाळ तिथेच राहिले. तिचे दूध बर्फात ठेवून सायकलवरून पोहोचवण्याचे काम वस्तादांनी मागून घेतले. पण एकदा ते पुटपुटले, "धारोष्ण म्हशीचा येकच थेंब दिला तर..." आणि माझा धीर सुटला. खरे सांगायचे तर त्यांच्या आवाजाचीही मला लाज वाटत होती. मी नर्सबाईंना हळूच सांगितले, "या गृहस्थांना आत सोडू नका."

मग वॉचमन अडवू लागला; वस्ताद बाटली फाटकाशी देत आणि रस्त्यावरूनच ओरडत, "गौराक्का, खुराक पोचला का गं?" वरच्या मजल्यावरचे अपेंडिक्सचे रुग्ण दचकून "पोचला, पोचला!" म्हणत.

गौरी घरी आली, तिने बाळसे धरले. पण दोन वर्षांची होत आली तरी बोलेना. डॉक्टरांचे ते शेवटचे वाक्य रोज माझ्या उशाशी निजत असे. एके सकाळी वस्ताद आमच्याकडे चहाला बसले होते. गौरीने हातातले बिस्किट त्यांच्यापुढे धरले आणि विचारले, "कुलाक?"

पत्नी हसता हसता रडू लागली. वस्ताद भिंतीकडे तोंड करून बसले. तसेच पाठमोरे म्हणाले, "आमची लेक बी सातव्यातच आलती. पोट कच्चं हाय म्हनून समद्यांनी उपाशी ठिवली. मी बी गप बसलो. गेली पोर." मग डोळे पुसून, "हिला तरी दवाखान्यात काचंतनं बगायची हुती, मास्तर. त्या मुडद्या वॉचमननं सोडलं न्हाय."

"वॉचमननं नव्हे, वस्ताद. मी."

"आँ? मग त्याला इतके दिस फुकटच शिव्या घालतोय व्हय मी?"

"माझं चुकलं," मी पुटपुटलो. त्यांनी कानामागे हात धरला. तेव्हा आयुष्यात प्रथमच मी त्यांच्याइतक्या मोठ्या आवाजात म्हणालो, "वस्ताद, मला क्षमा करा!"