डाव्या बाकावरची वीस रोपं

"डावीकडची वीसच्या वीस आजारी पडणार आणि उजवीकडची वीस ठणठणीत राहणार," बाईंनी संचालकांना त्यांच्याच खोलीत जाऊन सांगितलं. "महिन्यानं समितीला घेऊन या आणि डोळ्यांनी बघा."

बाई सहसा असं छातीठोक बोलत नसत. पण चार वर्षं एकाच विषाणूशी झटापट केल्यावर माणसाला एवढा हक्क मिळतो, असं त्यांना वाटलं. गुलबक्षीच्या मुळांतून त्यांनी एक प्रथिन वेगळं काढलं होतं. ते आदल्या दिवशी पानांवर फवारलं, की टोमॅटोवर पिवळे चट्टे आणणाऱ्या विषाणूचं पानावर काही चालत नसे. निदान काचेच्या बशीत ठेवलेल्या पानावर तरी चालत नसे. आता कुंडीतल्या जित्याजागत्या रोपांवर ते दाखवायचं होतं. दाखवलं तर समितीच्या मंजुरीनं काम पुढे चालू, नाही तर खोली रिकामी करून दुसऱ्या कुणाच्या तरी हाताखाली.

बेत सरळ होता. हरितगृहात दोन लांब बाक. उजव्या बाकावरच्या रोपांवर सोमवारी प्रथिनाचा फवारा, डाव्या बाकावरच्यांवर नुसतं पाणी. मंगळवारी रोगट पानांचा रस घ्यायचा आणि चाळीसही रोपांच्या पानांवर बोटानं चोळायचा. दहा दिवसांनी निकाल.

दहा दिवसांनी बाई हरितगृहात गेल्या. उजवीकडची रोपं ठणठणीत होती. डावीकडचीही ठणठणीत होती. खरं सांगायचं तर डावीकडची जरा जास्तच टवटवीत होती.

"रस शिळा असेल," प्रयोगशाळेतल्या ताई म्हणाल्या. ताई तिथल्या तंत्रज्ञ. बाईंच्याही आधीपासून त्या तिथे होत्या आणि कुठल्याही निकालानं चकित होणं त्यांनी केव्हाच सोडून दिलं होतं.

बाईंनी ताजा रस काढला. खात्रीसाठी आपल्या टेबलाजवळच्या खिडकीतल्या एका रोपट्यालाही तो चोळला. मग हरितगृहात पुन्हा सोमवारी फवारा, मंगळवारी रस. या खेपेला डावीकडच्या पानांना त्यांनी इतकं रगडलं, की दोन पानं देठापासून हातात आली.

आठवड्यात खिडकीतलं रोपटं चट्ट्यांनी भरून गेलं. म्हणजे विषाणू जिवंत होता. डावा बाक मात्र हिरवागार.

बाईंना झोप लागेना. जेवताना नवऱ्यानं विचारलं, "पण रोपं निरोगी आहेत ना? मग रडायचं कशाला?" यावर चार वर्षांचं काम पहिल्यापासून समजावून सांगावं लागलं असतं. बाईंनी भात वाढून घेतला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ताईंना विचारलं, "तुम्ही चुकून दोन्ही बाकांवर प्रथिन तर नाही ना मारलंत?"

ताईंनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. "सव्वीस वर्षं झाली मला इथे," एवढंच म्हणाल्या. त्यानंतर चार दिवस त्या बाईंशी फक्त चिठ्ठ्यांमधून बोलल्या. "हातमोजे संपले." "फ्रिजचं दार नीट लावावं." शेवटच्या चिठ्ठीत होतं, "हरितगृहात आंबूस वास येतो आहे. तोही मीच मारला असेल."

ती चिठ्ठी बाईंच्या हाती पडली तेव्हा समितीची गाडी दारात आली होती.

समितीत तिघे होते. अध्यक्ष उंच, हळू बोलणारे गृहस्थ. ते हरितगृहाच्या दारातच थबकले. डाव्या बाकावर, सातव्या आणि आठव्या कुंडीच्या मध्ये, एक करडं मांजर बसून टोमॅटोची पानं चाटत होतं. सावकाश, मन लावून, एकेक पान.

"हे प्रयोगात धरलंय का?" अध्यक्षांनी विचारलं.

संचालकांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी ताईंकडे पाहिलं. ताईंनी कोपऱ्यात पाहिलं. तिथे रोज कुंड्यांना पाणी घालणारे माळीकाका हातातला पाण्याचा पाइप उगाचच गुंडाळत उभे होते.

"काका," बाई म्हणाल्या, "या पानांना काय लावलंय?"

"दूध," माळीकाका म्हणाले.

मग तेच पुढे म्हणाले, "आता बघा डॉक्टरीणबाई, तुम्ही रोग लावता तो चाळीस जणांना, औषध देता ते वीसच जणांना. डावीकडच्यांनी काय घोडं मारलंय? मी तुम्हाला काही विचारलं नाही, तुम्ही शिकलेल्या. पण सोमवारी तुम्ही गेलात, की माझ्या चहाचं दूध होतं ते पाण्यात कालवून मारायचो त्यांच्यावर. आमच्या घरी मिरचीवर असंच मारायचे."

बाई जवळच्या उपड्या कुंडीवर बसल्या. दुधातही प्रथिनं असतात आणि पानावर त्यांचा लेप बसला, की हा विषाणू लागत नाही, हे त्यांनी पहिल्याच वर्षी वाचलं होतं. वाचून बाजूला ठेवलं होतं.

"म्हणजे उजवीकडे तुमचं प्रथिन आणि डावीकडे यांचं," अध्यक्ष सावकाश म्हणाले. "दोन्ही सारखीच चालली. मग तुमच्यात जास्त काय?"

"पावसात धुऊन जात नाही," बाई म्हणाल्या. "आणि मांजर चाटत नाही."

अध्यक्ष हसले नाहीत. त्यांनी वही काढून माळीकाकांना विचारलं, "दुधात पाणी किती?" पुढची वीस मिनिटं समिती माळीकाकांशीच बोलत होती.

बाईंना सहा महिने वाढवून मिळाले, पण तीन बाकांच्या अटीवर. एकावर प्रथिन, एकावर दूध आणि एकावर खरोखरच काही नाही. दुधाचा बाक माळीकाकांकडे.

"आणि तिसऱ्या बाकावरच्यांना काहीच नाही?" काकांनी विचारलं.

"काहीच नाही."

काकांनी त्या वीस रोपांवरून एकदा नजर फिरवली. "मग मला मंगळवारी रजा द्या," ते म्हणाले.

बाईंनी दिली. ताईंची माफीही मागून झाली, आणि ताईंनी ती मान हलवून जमा करून घेतली. मंगळवारी बाई रसाची वाटी घेऊन तिसऱ्या बाकापाशी गेल्या. पहिल्या रोपाचं पान त्यांनी दोन बोटांत धरलं. धरलं आणि तशाच उभ्या राहिल्या.

"काय झालं?" मागून ताईंनी विचारलं.

"काही नाही." बाईंनी रस चोळला आणि इकडेतिकडे बघून हळूच पुटपुटल्या, "सॉरी हं, बाळा."

ताई वहीत वेळ लिहीत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "बोला हवं तर," त्या म्हणाल्या, "पण नावं तेवढी देऊ नका. मग एकही रोप आजारी पाडवणार नाही तुमच्याच्यानं."

बाई दुसऱ्या रोपाकडे वळल्या. पहिल्या सहांची नावं तर देऊन झाली होती.